गोष्टीतली गाळलेली जागा

(कुटुंब सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नाशिक येथील शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत पोटगी, घरगुती हिंसाचाराचा कायदा, पोलीस ठाण्यातली कामं असे विषय आहेत आणि त्यांच्या मधेच 'रहस्यपट' हा एक शब्द आलाय. काहीजणींना वाटलं असेल की दुपारी जेवणानंतर डोळे मिटू नयेत म्हणून ही सोय केली असावी. तसंही चालेल. पण मला रहस्यपटांबद्दल बोलायचंय ते आपल्या रोजच्या कामासाठी.

रहस्यपट कसा चालतो? कुणीतरी एक गोष्ट सांगतं. त्या गोष्टीत एक जागा रिकामी असते. बाकी सगळं जुळतं, तेवढं एक जुळत नाही. मग प्रेक्षक संशय घ्यायला लागतो, आणि शेवटी असं काही कळतं की सगळी गोष्टच उलटी होते. आपल्या केंद्रात येणारी बाईसुद्धा बहुतेक वेळा अशीच गोष्ट घेऊन येते. सगळं सांगते आणि एक जागा गाळते. पोलीस, वकील, सासरचे लोक, कधीकधी आपणही, त्या गाळलेल्या जागेवर बोट ठेवतो आणि म्हणतो, 'बघा, खोटं बोलतेय.' त्या जागेचं काय करायचं, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

उदाहरण आपल्या मराठीतलंच घेऊ. १९६४ साली राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो बेतलेला होता. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांनी त्यात काम केलं. मराठीतला त्या वर्षीचा उत्तम चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. याच कथेवर राज खोसलांनी १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' काढला. सुनील दत्त आणि साधनाचा. तुमच्यातल्या बऱ्याचजणींनी टीव्हीवर 'मेरा साया'च पाहिला असेल, म्हणून तपशील सांगताना मी हिंदीचाच आधार घेते.

कथा अशी. एका श्रीमंत वकिलाची लाडकी बायको आजारी पडून त्याच्या डोळ्यांदेखत मरते. तो तिला अग्नी देतो. घरात तिचा फोटो, तिची आठवण. आणि एक दिवस पोलीस येऊन सांगतात की दरोडेखोरांच्या टोळीत एक बाई सापडली आहे, ती हुबेहूब तुमच्या बायकोसारखी दिसते आणि म्हणतेय की मीच यांची बायको. वकीलसाहेब म्हणतात, शक्यच नाही, मी तिला माझ्या हातांनी जाळलंय. खटला उभा राहतो.

आता त्या कोर्टाकडे जरा लक्ष देऊन बघा. पिंजऱ्यात बाई उभी आहे. नवरा वकील आहे आणि तोच तिला प्रश्न विचारतोय. म्हणजे ज्याने तिला 'ही माझी बायको नाही' म्हणून नाकारलं, तोच उलटतपासणी घेतोय. ती काय सांगते? नवराबायकोतल्या खासगी गोष्टी सांगते. फक्त बायकोलाच ठाऊक असेल असं एकेक भर कोर्टात उघडं करते. तिच्याकडे दुसरा पुरावाच नाही. संसार हाच तिचा पुरावा, आणि तो सगळ्या गावासमोर मांडल्याशिवाय तिची सुटका नाही.

ती इतकं सगळं बरोबर सांगते की नवराही हादरतो. मग मंगळसूत्राचा प्रश्न येतो. जे मंगळसूत्र बायकोने कधी अंगावेगळं केलं नसतं, त्याबद्दल तिला विचारतात आणि तिला धड उत्तर देता येत नाही. झालं! बाकी शंभर गोष्टी खऱ्या सांगितल्या त्या वाहून गेल्या. एका मंगळसूत्रावर ती खोटी ठरली. पुढे तिच्या मनाचा तोल जातो आणि तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते.

शेवट तुम्हाला ठाऊक आहे. तिला एक जुळी बहीण होती. बहीण गुन्हेगारांच्यात गेलेली. नवरा परदेशात असताना ती आसऱ्याला आली. हिने तिला घरात घेतलं आणि हिला तीच समजून दरोडेखोर घेऊन गेले. जी मेली, जिला वकीलसाहेबांनी अग्नी दिला, ती बहीण होती. पिंजऱ्यातली बाई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती.

लोक थिएटरातून बाहेर पडताना म्हणाले असतील, 'वा, काय कलाटणी!' मला मात्र हा चित्रपट बघताना दरवेळी एकच प्रश्न पडतो. जुळी बहीण आहे हे नवऱ्याला आधी माहीत असतं तर ही गोष्ट झाली असती का? पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. म्हणजे या कथेतलं रहस्य दरोडेखोरांनी तयार केलेलं नाही. लग्न करून आलेल्या बाईला आपल्या माहेरचं एक माणूस नवऱ्यापासून लपवून ठेवावं लागलं, त्यातून ते तयार झालंय. 'अशी बहीण आहे हे कळलं तर या घरात माझं काय होईल?' ही भीती त्या रिकाम्या जागेत बसलेली आहे. सगळा थरार त्या भीतीवर उभा आहे, आणि चित्रपट त्या भीतीबद्दल फारसं बोलत नाही. नवराबायको भेटले, संपलं.

आपण ज्या गावात बसलोय त्या गावाचं नाव या विषयात घ्यायलाच हवं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केलं, कारण बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. फाळके नंतर नाशिकला आले आणि १९१७ साली त्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात याच साळुंक्यांनी रामही केला आणि सीताही केली. आपल्याकडच्या सिनेमातला पहिला डबल रोल म्हणून त्याची नोंद आहे. फाळक्यांची अडचण खरीच होती, त्यात त्यांना दोष द्यायचा नाही. पण पंचवटीत, सीतागुंफेपासून हाकेच्या अंतरावर काम करणारी बाई म्हणून मला त्या चित्राचं कुतूहल वाटतं. रामही तोच आणि सीताही तोच. प्रश्न विचारणारा तोच आणि उत्तर देणाराही तोच. सीतेच्या वाटणीची वाक्यंसुद्धा पुरुषाच्या तोंडी. आपल्या कितीतरी केसपेपरवर, पंचनाम्यांवर, जबाबांवर अजून असंच घडतं. 'सदर महिलेचे म्हणणे असे की' असं लिहिलेलं असतं आणि खाली एकही वाक्य तिच्या बोलण्यातलं नसतं.

आता डबल रोलचंच बोलायचं तर आपल्यातली जवळजवळ प्रत्येक लग्न झालेली बाई डबल रोल करत असते. माहेरी एक नाव, सासरी दुसरं. आडनाव तर बदलतंच, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि कितीतरी घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलं नावसुद्धा बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी, बँकेच्या पासबुकात तिसरी. घर चालू असतं तोवर कुणाला काही वाटत नाही. भांडण कोर्टात गेलं की नवऱ्याचा वकील उभा राहून विचारतो, 'दाखल्यावर जिचं नाव आहे ती आणि अर्जदार बाई एकच, याला पुरावा काय?' ज्या घराने नाव बदललं तेच घर विचारतं, तू कोण?

आमच्या केंद्रात दिंडोरीकडच्या एक ताई आल्या होत्या. (गाव, तपशील सगळं बदलून सांगतेय.) अकरा वर्षं द्राक्षाच्या बागेत नवऱ्याबरोबर राबल्या. डिपिंग, विरळणी, छाटणी, सगळं केलं. नवऱ्याने दुसरी आणली आणि पोटगीच्या अर्जाला उत्तर दिलं की ही माझी बायको नाही, बागेत कामाला असलेली मजूर बाई आहे. लग्न गावच्या देवळात झालेलं, फोटो नाही, नोंदणी नाही. ताई मला म्हणाल्या, 'मॅडम, त्याच्या पाठीवर भाजल्याचा डाग आहे तो कुठे आहे ते सांगू का साहेबांना?' मला 'मेरा साया'तलं कोर्ट आठवलं. सिनेमातली बाई आणि या ताई, दोघींकडे एकच पुरावा. तो वापरायची वेळ मात्र आम्ही त्यांच्यावर येऊ दिली नाही. मुलाच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव होतं. शाळेत घालताना सही बापाची होती. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात 'नवऱ्याचे नाव' या रकान्यात तोच होता. शेजारच्या दोन बायकांनी लग्नात जेवल्याचं सांगितलं. असा एकेक कागद आणि एकेक माणूस गोळा करत गेलो.

कायदा या बाबतीत कुठवर आलाय ते सांगते, कारण नव्या कार्यकर्त्यांना याचा उपयोग होईल. विवाहनोंदणीचा आपला महाराष्ट्राचा कायदा १९९८ चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सगळ्या राज्यांना सगळ्या धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. तरी देवळात होणारी, डोंगरपट्ट्यात होणारी कितीतरी लग्नं कागदावर येतच नाहीत. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा, तो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात लग्नासारख्या नात्यात राहिलेल्या बाईलाही दाद मागता येते. आणि २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. पहिलं लग्न झालेलं लपवून एका माणसाने देवळात दुसरं लग्न केलं होतं, आणि पोटगीची वेळ आल्यावर ही माझी बायकोच नाही असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं की फसवणाऱ्याला स्वतःच्या फसवणुकीचा फायदा घेता येणार नाही, पोटगीपुरती ती बायकोच. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५ आता राहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम १४४ म्हणून आहे. अर्ज लिहिताना हे ध्यानात ठेवा.

या सगळ्यामागे बायकांची लढाई आहे हेही विसरू नका. १९८८ मध्ये आपल्या शेजारी संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. टाकलेल्या बाईला तिच्या स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं ही परित्यक्तांच्या चळवळीची मागणी होती. बाहेरच्या माणसाला वाटतं, रेशनकार्डात काय एवढं? पण ज्या बाईला 'तू कोण?' असं विचारलं जातं तिला विचारा त्या कागदाची किंमत.

आता जरा लांब, जपानला जाऊ. कारण जगातला या जातीचा सगळ्यात गाजलेला चित्रपट तिथला आहे आणि त्याचा आपल्या कामात फार गैरवापर होतो. अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन', १९५० सालचा. १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जपानी सिनेमा जगाला माहीत झाला. अकुतागावा या लेखकाच्या कथांवर तो आधारलेला आहे.

एका जंगलात एक सामुराई आणि त्याची बायको चाललेत. एक दरोडेखोर फसवून नवऱ्याला बांधतो आणि बायकोवर बलात्कार करतो. नंतर नवरा मेलेला सापडतो. कसा मेला? दरोडेखोर सांगतो, मी लढून मारला. बायकोच्या सांगण्यात नवऱ्याची ती तुच्छतेची थंड नजर तिला सहन झाली नाही, हातात खंजीर होता, तिची शुद्ध गेली आणि जाग आली तेव्हा तो मेलेला होता. मेलेल्या नवऱ्याचा आत्मा एका बाईच्या अंगात येऊन सांगतो, मी स्वतःच जीव दिला. आणि हे सगळं लपून पाहणारा लाकूडतोड्या चौथंच काही सांगतो. नंतर कळतं की त्यानेही स्वतःचं काहीतरी लपवलंय. तिथे पडलेला किमती खंजीर त्याने उचललेला असतो.

या चित्रपटावर लिहिणारे विद्वान म्हणतात, सत्य ज्याचं त्याचं असतं. मग हेच वाक्य आपल्याला पोलीस ठाण्यात ऐकायला मिळतं. 'मॅडम, नवरा त्याचं सांगतो, बायको तिचं सांगते, खरं कुणाला ठाऊक?' मी म्हणते, चित्रपट पुन्हा बघा. चौघांच्या चार गोष्टी, पण एका बाबतीत चौघांचं एकमत आहे. दरोडेखोराने फसवून नवऱ्याला बांधलं आणि बाईवर जबरदस्ती केली हे खुद्द दरोडेखोरही नाकारत नाही. त्या गुन्ह्याबद्दल काही शंकाच नाही. पण तो गुन्हा कुणाच्या चर्चेतच नाही! सगळ्यांना पडलेलं कोडं एकच, पुरुषाला कुणी मारलं. आणि पुरुषांनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टींत त्या दोघांना एकमेकांच्या जिवावर उठवणारी कोण? तीच बाई. चौथी गोष्ट तिची स्वतःची, आणि तीही तिथे इतर तिघींसारखीच एक.

मला त्यातली दुसरी एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या कोर्टात न्यायाधीश दिसतच नाही. त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून बसतात आणि बोलतात. म्हणजे न्यायाधीशाच्या जागेवर कोण बसलंय? आपण. प्रेक्षक. सल्ला केंद्राच्या टेबलामागच्या खुर्चीत बसताना मला ते नेहमी आठवतं. आपल्याला वाटतं आपण नुसतं ऐकतोय. समोरच्या बाईला मात्र आपण न्यायाधीश दिसत असतो. त्यामुळे ती आपल्यासमोरसुद्धा तोलूनमापून बोलते, आणि जागा गाळते.

गाळलेल्या जागेची किंमत किती मोठी असते ते महाराष्ट्राला मथुरा प्रकरणाने शिकवलं. चंद्रपूर जिल्ह्यात, आताच्या गडचिरोलीत, देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, १९७६ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. का? अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नाही. भर पोलीस ठाण्यात, पोलिसांसमोर, एक गरीब मुलगी ओरडली नाही, ही तिच्या गोष्टीतली रिकामी जागा. न्यायालयाने त्या जागेत 'संमती' हा शब्द भरला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. त्यांनी त्याच जागेत दुसरा शब्द दाखवला. भीती. निमूट राहणं म्हणजे होकार देणं नव्हे, हा फरक त्यांनी मांडला. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की संमती नव्हती, तर नव्हती असंच न्यायालयाने धरायचं, अशी तरतूद झाली. पुढे २००२ च्या दुरुस्तीने, बाई 'वाईट चालीची' आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची सोयही काढून टाकली.

म्हणजे बघा, त्या मुलीची हकिकत १९७२ मध्ये होती तीच १९८३ मध्येही होती. रिकाम्या जागेकडे बघायची कायद्याची नजर बदलली.

आता आपल्या टेबलाकडे येते. समाजकार्याच्या अभ्यासात आम्हाला केस हिस्टरी लिहायला शिकवलं. घटनांचा क्रम लावा, विसंगती शोधा, असं सांगितलं. ते आवश्यकच आहे. पण विसंगती सापडल्यावर पुढे काय, हे बायकांनीच शिकवलं.

एक उदाहरण देते. सातपूरला कंपनीत कंत्राटी कामावर जाणारी एक मुलगी. नवऱ्याची मारहाण, हुंड्याचा तगादा, सगळं तारीखवार सांगत होती. पण घरातून निघाली तो दिवस आणि केंद्रात आली तो दिवस यात चार दिवसांचं अंतर होतं. 'चार दिवस कुठे होतीस?' म्हटलं की गप्प. एकदा म्हणाली मैत्रिणीकडे, एकदा म्हणाली देवळात. सासरच्यांना हे कळलंच. त्यांनी गावभर केलं की ती कुणाबरोबर तरी पळून गेली होती. आमच्यातल्याच एका कार्यकर्तीने मला विचारलं, 'ही खरं बोलतेय ना? उद्या आपण तोंडघशी पडायचो.'

प्रश्न रास्त होता. मी तिला चार दिवसांबद्दल विचारायचं थांबवलं. दुसरं विचारलं, 'तू सांगितलंस तर कुणाला त्रास होईल?' खूप वेळ गेला. मग म्हणाली, 'ताईला.' तिच्या मोठ्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं होतं. माहेरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली होती. ती कुठे राहते हे फक्त या धाकटीला ठाऊक होतं. चार दिवस ती तिथे होती. ते कोर्टात सांगितलं असतं तर बहिणीचा पत्ता उघडा पडला असता, आणि माहेरचा उरलासुरला आधारही तुटला असता.

पुन्हा बहीणच. पुन्हा लपवलेली. सिनेमा आणि आयुष्य इतकं जवळ येतं त्याचं कारण योगायोग नाही. बायका बहुतेक वेळा गोष्टीतली जागा गाळतात ती दुसऱ्या बाईसाठी, मुलांसाठी, आईसाठी.

पुढे काय झालं? आम्ही तिला काही भरीला घातलं नाही. वकीलबाईंशी बसून बोललो. पोटगीसाठी ते चार दिवस लागतच नव्हते. मारहाणीच्या तारखांचे दवाखान्याचे कागद होते, कंपनीतल्या खाड्यांची नोंद होती. उलटतपासणीत तिला विचारलंच. ती म्हणाली, 'मी सुरक्षित जागी होते. कुठे ते सांगणार नाही. घरात काय झालं ते सगळं सांगते, विचारा.' खोटं मैत्रिणीचं नाव घेतलं नाही, देवळाचं नाव घेतलं नाही. पोटगीचा हुकूम झाला. बहिणीचं नाव अजूनही कुठल्याच कागदावर नाही. माहेरी तिचं जाणंयेणं बंदच आहे. तेव्हा याला सुखान्त म्हणायचं का ते तुम्ही ठरवा.

यातून आम्ही केंद्रात काही रीती ठरवल्या आहेत. त्या सांगते.

पहिली, बाईचं म्हणणं तिच्या शब्दांत लिहायचं. ती 'तो अंगावर आला' म्हणाली तर तेच लिहायचं, त्याचं पुस्तकी मराठी करायचं नाही. आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं.

दुसरी, जागा रिकामी असेल तर रिकामी ठेवायची. 'याबद्दल आज बोलायचं नाही असं सांगितलं', एवढंच तारीख घालून लिहायचं. आपल्या अंदाजाने ती भरायची नाही. कळवळ्यानेसुद्धा नाही. आपण प्रेमाने भरलेली जागा उलटतपासणीत पहिली फुटते, आणि फटका तिला बसतो.

तिसरी, 'हे का सांगितलं नाहीस?' असं विचारायचं नाही. 'सांगितलंस तर काय होईल, कुणाचं होईल?' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नात आरोप आहे. दुसऱ्यात तिला विचार करायला जागा मिळते.

चौथी, कागद गोळा करायचं काम भांडणाच्या आधीच सुरू करायचं. बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या दोन्ही नावांचे कागद एका पिशवीत ठेवायचे. विवाहनोंदणी राहिली असेल तर करून घ्यायची. ज्या बाईची ओळख कागदावर पक्की आहे तिला पाठीवरचे डाग सांगत बसावं लागत नाही.

पाचवी, 'वेडी आहे' हा शब्द ऐकला की सावध व्हायचं. सिनेमातली बाई खरं बोलूनही वेडी ठरली. नवरा किंवा सासू 'तिच्या डोक्यावर परिणाम झालाय' म्हणते तेव्हा कधी खरोखर उपचारांची गरज असते. तेव्हा डॉक्टरांकडे नेऊच. पण आजारी बाईचंही म्हणणं असतं आणि तेही लिहून घ्यायचं असतं.

कुणी विचारेल, मग बाई सांगेल ते सगळं खरं मानायचं का? बायका खोटं बोलत नाहीत का? बोलतात. माणसं बोलतात, बायकाही बोलतात. विश्वास ठेवायचा म्हणजे तपास सोडून द्यायचा असं मी म्हणत नाही. उलट त्या द्राक्षबागेतल्या ताईंवर विश्वास होता म्हणूनच आम्ही जन्मदाखल्यापर्यंत पोचलो. ज्याला आधीच वाटतं की ही खोटं बोलतेय, तो शाळेच्या रजिस्टरापर्यंत जाण्याचे कष्ट घेत नाही. माझं म्हणणं एवढंच की गाळलेली जागा आणि खोटं, या दोन गोष्टी एक नव्हेत. जागा का गळली ते शोधणं हे आपलं काम, आणि ती भरायची की नाही हे ठरवणं तिचं.

आता गटागटात बसू या. प्रत्येक गटाने आपल्या केंद्रातली एक केस घ्यायची, नाव-गाव बदलून. तिच्या गोष्टीतली जी जागा आपल्याला खटकली, ती आपण कशी भरली होती हे बोलायचं. संशयाने, कळवळ्याने, की तिला विचारून? तासाभराने पुन्हा एकत्र जमू. कागद आणि पेनं मागच्या टेबलावर ठेवली आहेत.